दिल्लीदर्शन : वास्तूंचे मालक अनेक, वाटेला वाली कोण?

दिल्लीत नोकरी करणाऱ्या मराठी माणसाकडे कार्यालयाबाहेरचे एक खाते आपोआप चालत येते. ते म्हणजे गावाकडून आलेल्या पाहुण्यांना दिल्ली दाखवण्याचे. मधल्या दोन बदल्यांचा काळ वगळला तर गेली वीसहून अधिक वर्षे हे खाते मी सांभाळले आहे. त्याची कार्यपद्धतीही ठरून गेली आहे. पहिल्या दिवशी राष्ट्रपती भवन बाहेरून, इंडिया गेट, बिर्ला मंदिर, राजघाट. दुसऱ्या दिवशी कुतुबमिनार, लोटस टेंपल, अक्षरधाम आणि जमला तर लाल किल्ला. तिसरा दिवस मथुरा-आग्र्यासाठी राखीव. टॅक्सीवाले या ठिकाणांना 'पॉइंट' म्हणतात. किती पॉइंट झाले यावर दिवसाचे यश मोजले जाते, आणि संध्याकाळी पाहुणे थकून परतले की आपणही कर्तव्य पार पडल्याच्या समाधानात झोपतो.

गेल्या हिवाळ्यात माझे धाकटे मामा आणि मामी आले. मामा वाईच्या बाजूच्या एका शाळेत तीस वर्षे इतिहास शिकवून निवृत्त झालेले. वय अठ्ठ्याहत्तर, एक गुडघा अधू. मी माझी नेहमीची यादी वाचून दाखवली. त्यांनी ती शांतपणे ऐकून घेतली आणि विचारले, "अरे, हे सगळं ठीक आहे. पण महादजी शिंद्यांनी इथून पातशाही चालवली, ती जागा कुठे दाखवशील?"

माझ्याकडे उत्तर नव्हते. ज्या शहरात माझी अर्धी नोकरी गेली, त्या शहरात मराठ्यांचा सत्तर वर्षांचा वावर नेमका कुठे कुठे दिसतो, हे मी कधी शोधलेच नव्हते. त्या रात्री पुस्तके काढून बसलो आणि पाच ठिकाणांची यादी केली. ही यादी बाहेर राहणाऱ्या मराठी वाचकांना उपयोगी पडेल म्हणून प्रथम तीच देतो. तिच्यातून जो प्रशासकीय प्रश्न मला दिसला, त्याकडे नंतर वळतो.

पहिले ठिकाण कालकाजी आणि दुसरे तालकटोरा. १७३७ च्या वसंतात थोरले बाजीराव बादशाही फौजांना चकवून थेट दिल्लीच्या वेशीशी येऊन उभे राहिले. कालिकेच्या देवळाजवळ त्यांचा तळ पडला आणि तालकटोऱ्याच्या बाजूला बादशाही सरदारांशी चकमक होऊन तिच्यात मराठ्यांची सरशी झाली. शहर जाळण्या-लुटण्याचा मोह टाळून ते माघारी वळले. तख्ताची अप्रतिष्ठा केल्याने राजकारणाचा धागा तुटेल, हा त्यामागचा हिशेब त्यांनीच चिमाजी आप्पांना लिहिलेल्या पत्रातून कळतो. फेब्रुवारी २०२५ मध्ये ९८ वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन याच तालकटोऱ्याच्या स्टेडियममध्ये भरले. १९५४ नंतर प्रथमच संमेलन दिल्लीत आले होते. महाराष्ट्रातून आलेले कितीतरी रसिक तीन दिवस त्या भूमीवर वावरले.

तिसरे ठिकाण लाल किल्ला. १७७१ च्या फेब्रुवारीत मराठ्यांनी दिल्ली घेतली आणि अलाहाबादेस इंग्रजांच्या आश्रयाला असलेल्या शाह आलमला पुढच्या वर्षी तख्तावर आणून बसवले. १७८४ मध्ये महादजींना वकील-इ-मुतलक हे सर्वाधिकाराचे पद मिळाले. १७८८ मध्ये गुलाम कादिराने बादशहाचे डोळे काढले, तेव्हा दिल्ली परत घेऊन त्या आंधळ्या बादशहाला पुन्हा गादीवर बसवणारे महादजींचेच सैन्य होते. पुढची पंधरा वर्षे किल्ल्यावर शिंद्यांचा अंमल राहिला.

चौथे ठिकाण उत्तर दिल्लीच्या टेकडीवरचे. आज तिथे महापालिकेचे हिंदूराव रुग्णालय आहे. रोज हजारो माणसे हे नाव घेतात, पण हे हिंदूराव म्हणजे कोल्हापूरजवळच्या कागलचे घाटगे, दौलतराव शिंद्यांच्या पत्नी बायजाबाई यांचे बंधू, हे फार थोड्यांना ठाऊक असते. विल्यम फ्रेझर या इंग्रज अधिकाऱ्याने बांधलेला बंगला, १८३५ मध्ये त्याचा खून झाल्यावर, हिंदूरावांनी घेतला. १८५७ मध्ये इंग्रजांनी दिल्लीला वेढा घातला, तेव्हा हाच बंगला त्यांच्या आघाडीचे ठाणे होता. जवळच मेरठहून आणून उभारलेला अशोकाचा स्तंभ आहे.

पाचवे ठिकाण यमुनेपलीकडे, नोएडात. ११ सप्टेंबर १८०३ रोजी जनरल लेकच्या इंग्रज सैन्याने शिंद्यांच्या लुई बुर्कँ या फ्रेंच सरदाराच्या हाताखालील पलटणींचा पराभव केला. आपण हिला पटपडगंजची लढाई म्हणतो. त्यानंतर बाराच दिवसांनी, २३ सप्टेंबरला, जालना जिल्ह्यातील असईला दुसरा घाव बसला. त्या पहिल्या लढाईचा स्मारकस्तंभ आज नोएडाच्या गोल्फच्या मैदानात उभा आहे. हिंदुस्थानची सत्ता कोणाच्या हाती जाणार हे जिथे बव्हंशी ठरले, ती जागा येता-जाता सहज चालत जाऊन पाहावी अशी राहिलेली नाही.

या पाचांपैकी दोन दिवसांत आमची तीन झाली. लाल किल्ल्यात दिवाण-इ-खासपाशी मामा बराच वेळ उभे राहिले. तिथले मयूरासन १७३९ मध्ये नादिरशहाने नेले, हे गाईड प्रत्येकाला सांगत होते. मी मामांना हलक्या आवाजात म्हणालो, "या दालनाचं चांदीचं छत १७६० मध्ये सदाशिवरावभाऊंनी उतरवून वितळवलं. फौजेचा पगार थकला होता. नऊ लाखांच्या आसपास रुपये निघाले म्हणतात." वर आता रंगवलेले छत आहे. मामा त्याकडे पाहत म्हणाले, "ठाऊक आहे. पण पानिपत शिकवताना हे मी वर्गात एकदाही सांगितलं नाही. तीस वर्षं ठाऊक होतं, तरी नाही सांगितलं." थोड्या वेळाने ते पुन्हा म्हणाले, "सांगायला हवं होतं. त्याशिवाय पानिपतला पोटाला अन्न का नव्हतं, हे पोरांना कळायचं कसं?"

मला त्या दोन दिवसांत हे सर्वांत मोलाचे वाटले. शहर पाहणे म्हणजे आपल्याला सुखावणारे तेवढेच पाहणे नव्हे, हे एका निवृत्त शिक्षकाला त्या दालनात उभे राहून जाणवले. पुस्तकात ते वाचलेले होतेच. पण त्या रिकाम्या छताखाली ते टाळता आले नाही. ऐतिहासिक शहरे जपायची ती मुख्यतः यासाठी. पर्यटनाचे उत्पन्न ही त्यापुढची गोष्ट.

आता प्रशासकीय प्रश्नाकडे येतो. (पुरातत्त्व किंवा पर्यटन ही माझी खाती नव्हेत आणि इथली मते सर्वस्वी वैयक्तिक आहेत.) या पाच ठिकाणांची मालकी पाहा. लाल किल्ला भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडे. त्यातही सैन्याने किल्ला पुरातत्त्व खात्याच्या हवाली केला तो २००३ च्या डिसेंबरात. हिंदूरावांचा बंगला महापालिकेच्या रुग्णालयात, त्याच्या आसपासच्या संरक्षित वास्तू पुरातत्त्व खात्याच्या, आणि भोवतालची टेकडी वनखात्याची. देवळाची व्यवस्था वेगळी, तालकटोऱ्याची वेगळी, आणि गोल्फचे मैदान तर दुसऱ्याच राज्यात. प्रत्येक जागेला मालक आहे, कुंपण आहे, फलक आहे. एका जागेहून दुसरीकडे जाणारी वाट मात्र कोणाचीच नाही. ती वाट जोडणारा साधा नकाशाही नाही.

याचा प्रत्यय दुसऱ्या दिवशी एका संरक्षित वास्तूच्या दाराशी आला. वास्तूचे नाव घेत नाही, कारण हे कुठेही घडू शकते. आत चाकाच्या खुर्चीसाठी चांगला उतार बांधलेला होता. पण रस्ता आणि दार यांच्यामध्ये दीड फुटाची पायरी आणि एक उघडे गटार होते. दारावरचा कर्मचारी सौजन्याने म्हणाला, "साहेब, दाराच्या आतलं आमचं. बाहेरचं आमच्याकडे नाही." तो खोटे बोलत नव्हता. मी आणि टॅक्सीचालकाने मामांना दोन्ही बाजूंनी धरून ती पायरी चढवली. आतला उतार ज्याच्यासाठी बांधला, तो माणूस त्या उतारापर्यंत पोचूच शकत नाही; आणि दोन्ही खात्यांच्या कागदांवर काम पूर्ण झालेले असते.

अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला या दुखण्याचे नाव ठाऊक असते. गॅरेट हार्डिन यांनी १९६८ मध्ये सामायिक कुरणाची शोकांतिका मांडली : कुरण सर्वांचे असले की प्रत्येक जण आपली गुरे चारतो आणि कुरण संपते. १९९८ मध्ये मायकेल हेलर यांनी त्याची उलट बाजू दाखवली. एकाच गोष्टीवर अनेकांना 'नाही' म्हणण्याचा हक्क असला की ती कोणालाच वापरता येत नाही. त्यांचे उदाहरण मॉस्कोचे होते. सोव्हिएत राजवट संपल्यावर तिथली पक्की दुकाने रिकामी पडून राहिली आणि समोरच्या फुटपाथवरच्या टपऱ्यांत माल ओसंडत होता, कारण एकेका दुकानावर अनेक कार्यालयांचे हक्क होते. दिल्लीतील कित्येक मकबरे आणि बावड्यांची अवस्था त्या दुकानांसारखी आहे.

आपला कायदाही याच घडणीचा आहे. १९५८ चा प्राचीन स्मारकांचा कायदा वास्तूला संरक्षण देतो. २०१० च्या दुरुस्तीने तिच्याभोवती शंभर मीटर बांधकामबंदी आणि त्यापुढे दोनशे मीटर नियंत्रण आले. ही तरतूद आवश्यक होती, याबद्दल मला शंका नाही. पण वर्तुळाच्या आत काय करू नये एवढेच कायदा सांगतो; तिथे माणसाने कसे यावे, कुठून चालावे, काय समजून घ्यावे, हे कोणी सांगायचे ते सांगत नाही. दिल्लीत केंद्र-संरक्षित वास्तू पावणेदोनशेच्या आसपास आहेत. 'इंटॅक'च्या १९९९ च्या सूचीत बाराशेवर ऐतिहासिक वास्तूंची नोंद झाली. तिकीट असलेल्या त्यांतल्या जेमतेम दहा-बारा. बाकीच्या पाहण्यासाठी कोणी जात नाही आणि कोणी जात नाही म्हणून त्यांच्याकडे लक्ष जात नाही. याची परिणती कुठे होते? महालेखापरीक्षकांच्या २०१३ च्या अहवालात देशभरातील ९२ संरक्षित स्मारके सापडत नसल्याची नोंद झाली. पुढच्या शोधात ४२ सापडली. उरलेल्या ५० पैकी १४ शहरीकरणाने गिळली, १२ धरण-जलाशयांत बुडाली आणि २४ चा पत्ताच लागला नाही. २०२४ मध्ये १८ स्मारके यादीतून वगळण्याची प्रक्रिया सुरू झाली, त्यांत दिल्लीतीलही होती. माणसांची ये-जा असलेली वास्तू अशी हरवत नाही.

इथे मला स्पेनमधले तोलेदो आठवते. काही वर्षांपूर्वी एका बैठकीसाठी माद्रिदला गेलो असता एक रविवार मोकळा मिळाला. माद्रिदहून वेगवान गाडीने तोलेदोला अर्ध्या तासात पोचता येते. तीन बाजूंनी ताहो नदीचा वळसा, मधल्या खडकाळ टेकडीवर तटबंद शहर. १५६१ मध्ये दुसऱ्या फिलिपने दरबार माद्रिदला हलवला आणि हे राजधानीचे गाव मागे पडले. दौलताबाद किंवा सातारा पाहिलेल्या माणसाला ही कथा परकी वाटणार नाही. अरबी राजवटीतली इ.स. ९९९ ची एक छोटी मशीद पुढे चर्च झाली. ज्यूंचे प्रार्थनास्थळही पुढे चर्च झाले. आणि १४९२ मध्ये ज्यूंना देशातूनच घालवून देण्यात आले. एल ग्रेकोने १५८६ ते १५८८ या काळात रंगवलेले प्रचंड चित्र ज्या चर्चसाठी काढले, त्याच चर्चमध्ये आजही आहे.

पण माझे सरकारी डोळे अडकले ते दुसऱ्याच गोष्टीवर. टेकडीचा चढ दमवणारा; तरीही वर माझ्या मामांच्या वयाची कितीतरी माणसे हिंडत होती. तटाखाली वाहनतळ आहे आणि तिथून टेकडीच्या उतारात खोदून बसवलेले सरकते जिने शहराच्या पोटात नेऊन सोडतात. हे जिने २००० साली झाले. गाडी बाहेर राहते, माणूस वर जातो, आणि तटाच्या दगडाला धक्का लागत नाही. हे साधते कारण तिथल्या १९८५ च्या वारसा-कायद्यात एकट्या वास्तूप्रमाणेच 'ऐतिहासिक वस्ती' हाही संरक्षणाचा घटक आहे, आणि अशा वस्तीचा संपूर्ण आराखडा करणे हे नगरपालिकेवर बंधनकारक आहे. १९८६ मध्ये जागतिक वारसा यादीत गेले तेही संपूर्ण जुने शहर. तोलेदो आदर्श आहे असे मी म्हणत नाही. जुन्या भागातले मूळ रहिवासी कमी झाले आहेत आणि दिवसभर पर्यटकांची झुंबड असते. पण तिथे वाटेला वाली आहे.

आपल्याकडे हे अशक्य आहे का? तसे नाही. दिल्लीच्या २०२१ च्या बृहत् आराखड्यात शाहजहानाबाद, निजामुद्दीन, मेहरौली यांसारखी वारसा-क्षेत्रे नावाने नोंदलेली आहेत. म्हणजे शब्द आपल्याकडेही आहे. त्या क्षेत्राला जबाबदार असा एक अधिकारी आणि त्याच्या हातातले एक अंदाजपत्रक मात्र माझ्या पाहण्यात नाही. निजामुद्दीनला वेगळे घडले. २००७ मध्ये पुरातत्त्व सर्वेक्षण, केंद्रीय बांधकाम खाते, महापालिका आणि आगाखान न्यास यांनी एकत्र करार केला. हुमायूनचा मकबरा, शेजारची जुनी रोपवाटिका आणि दर्ग्याभोवतीची वस्ती ही एकच जागा मानून काम झाले. सुंदर नर्सरी २०१८ मध्ये लोकांसाठी खुली झाली आणि २०२४ मध्ये संग्रहालयही झाले. तिथे आज पाहुण्यांना घेऊन जा. ते एका वास्तूतून दुसरीत चालत जातात. चांदणी चौकातही २०२१ मध्ये लाल किल्ल्यापासून फतेहपुरी मशिदीपर्यंतचा सुमारे सव्वा किलोमीटर रस्ता दिवसा मोटारींना बंद करून पायी चालणाऱ्यांसाठी बांधून काढला. प्रयत्न अपुरा असेल, पण दिशा योग्य आहे. उलट, शाहजहानाबाद आणि नवी दिल्ली मिळून जागतिक वारसा-शहराचा प्रस्ताव २०१५ मध्ये, निर्णयाच्या तोंडावर, केंद्राने मागे घेतला. तो मान पुढे २०१७ मध्ये अहमदाबादला आणि २०१९ मध्ये जयपूरला मिळाला.

माझ्या सूचना तीन आहेत. पहिली, प्रशासनाचे एकक वास्तूऐवजी वाट असावे. दिल्लीत सुरुवातीला पाच-सहा पायवाटा निश्चित कराव्यात. मेहरौलीचेच उदाहरण घ्या. कुतुबमिनार, योगमायेचे देऊळ, बख्तियार काकींचा दर्गा, जफर महाल आणि पुरातत्त्व उद्यान सगळे जवळजवळ आहे. 'फूलवालों की सैर' या जुन्या उत्सवाने देऊळ आणि दर्गा एका मिरवणुकीत जोडले होते. ते काम आमच्या खात्यांना जड जाऊ नये. अशा प्रत्येक वाटेला एक जबाबदार अधिकारी नेमावा आणि दाराबाहेरच्या पायरीसाठीही त्यालाच जाब विचारता यावा.

दुसरी, तिकिटाच्या पैशाची. आज पुरातत्त्व खात्याच्या तिकिटांचे उत्पन्न देशाच्या संचित निधीत जमा होते आणि देखभालीचा पैसा स्वतंत्र तरतुदीतून येतो. लेखाशास्त्राच्या दृष्टीने हे बिनचूक आहे. पण त्यामुळे जास्त लोक आणणाऱ्या अधिकाऱ्याच्या हाती काहीच जास्त पडत नाही. ग्रानादाच्या अल्हाम्ब्रा राजवाड्याचा कारभार पाहणारे स्वायत्त मंडळ मुख्यतः तिकिटांवरच चालते. आपण सगळे उत्पन्न सोडू नये, पण ठराविक हिस्सा त्या वाटेच्या देखभालीसाठी राखून ठेवता येईल.

तिसरी सूचना फलकांविषयी. वास्तू कोणी आणि कधी बांधली एवढे लिहून भागत नाही. तिच्यावर पुढे काय काय गुदरले तेही लिहावे. लाल किल्ल्यात नादिरशहाबरोबर भाऊंची १७६० ची नोंद यावी, आणि त्याच दमात १७८८ मध्ये महादजींनी काय केले तेही यावे. आपली बाजू लपवून इतिहास मोठा होत नाही.

चौथी गोष्ट सूचना नव्हे, विनंती आहे, आणि ती बाहेर राहणाऱ्या तुम्हा-आम्हाला. जुलै २०२५ मध्ये मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारसा यादीत आले. त्यांतला जिंजी तमिळनाडूत आहे. मराठी माणसाचा ठसा महाराष्ट्राबाहेर किती ठिकाणी उमटला आहे, याची ही एक खूण. तंजावर, बडोदे, इंदूर, ग्वाल्हेर, झाशी. जिथे आपण असू, तिथल्या मराठी मंडळाने वर्षातून एका रविवारी अशी एक वाट चालून पाहावी. गणेशोत्सवाइतकी गर्दी होणार नाही. पण पंचवीस माणसे नियमाने चालू लागली की महापालिकेला पायरी दिसते आणि पुरातत्त्व खात्याला गटार दिसते. निम्मे प्रशासन नागरिकांच्या पावलांमागून चालते, हा माझा नोकरीतला अनुभव आहे.

मामा जाताना म्हणाले, "हिंदूरावांचं राहिलं रे." येत्या हिवाळ्यात ते पुन्हा येणार आहेत. टेकडीवर गाडी कुठवर जाते आणि पुढे किती चालावे लागते, ते मी आता आधीच पाहून ठेवले आहे. या वेळच्या यादीत पॉइंट एकच आहे.